अजून थोडं, अजून थोडं

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी पुण्याहून भाचीचा फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय वर्षं चौतीस, संगणकाच्या कंपनीत नोकरी. एरवी फोन आला की आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी होते आणि मग कटाच्या आमटीत गूळ किती घालायचा हे विचारलं जातं. या वेळी सरळ मुद्द्यावर आली. मोबाइलवर व्हिडिओ बघून ती आठवडाभर शीर्षासन करत होती, भिंतीला पाय टेकवून. पाचव्या दिवशी उतरताना मानेत कळ आली आणि आता डावीकडे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागत होतं. डॉक्टरांकडे जाऊन आली होती, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले होते. तरी आवाज रडवेला होता. म्हणाली, "मावशी, पूर्वीच्या लोकांना आसनं करताना काही व्हायचं नाही का गं? का आम्हीच असे नाजूक?"

मी म्हटलं, "व्हायचं की. चांगलं व्हायचं. तुमच्या त्या व्हिडिओवाल्यांनी ते पान वाचलेलं नसणार."

बोलून गेले खरी, पण फोन ठेवल्यावर वाटलं, हे काही उत्तर झालं नाही. पस्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. एवढ्या सरळ प्रश्नाला एवढं आखूड उत्तर देऊन कसं चालेल? म्हणून हा लेख. मी योगशिक्षिका नाही आणि डॉक्टर तर नाहीच, तेव्हा यात कुणी उपचार शोधू नयेत. इतिहास मात्र आहे, आणि थोडी कबुलीही आहे. ती पुढे येईल.

जुन्या ग्रंथांपासून सुरुवात करते. पतंजलींनी आसनाच्या वाट्याला अवघी तीन सूत्रं दिली आहेत. बसणं स्थिर असावं, सुखाचं असावं आणि खटपट सैल पडावी, असा त्यांचा आशय. तीन सूत्रांत 'ताण' नावाचा शब्द नाही. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाची हठप्रदीपिका आली. त्यात प्राणायामाबद्दल स्पष्ट बजावलं आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसा श्वास वश करावा, घाई केली तर तो साधकाचाच घात करतो. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोकं, कान आणि डोळे दुखणं असे विकार होतात, अशी यादीही दिली आहे. घेरंडसंहितेत तर योगाभ्यास कोणत्या ऋतूत सुरू करावा हेही सांगितलं आहे. वसंतात किंवा शरदात करा, कडक उन्हाळ्यात, पावसाळ्यात, थंडीत नको. आपल्याकडे 'प्राचीन' म्हटलं की 'निर्धोक' असं धरून चालायची सवय आहे. ज्यांनी लिहिलं ते मात्र धोका ओळखून होते.

पण त्यांच्या डोळ्यांसमोर एक गुरू आणि एक-दोन शिष्य होते. शंभर माणसं एका मैदानावर, समोर एक शिक्षक आणि तोंडाने आकडे, हे चित्र त्यांच्या स्वप्नातही नसावं. ते विसाव्या शतकातलं, आणि त्याचा बराचसा भाग आपल्या महाराष्ट्रात घडला.

माझे वडील औंधच्या शाळेत शिकले. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. स्वतः नेमाने घालत, घरच्या बायकामुलांकडून घालून घेत आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते लागू केले होते. १९३६ साली राजेसाहेब विलायतेत गेले, तिथे त्यांची वर्तमानपत्रांतून वाहवा झाली आणि १९३८ साली त्यांच्या पद्धतीवर तिकडे इंग्रजी पुस्तकही निघालं. चित्रकार, कलांचा भोक्ता, प्रजेला स्वराज्य देणारा असा हा राजा होता. त्यांच्याबद्दल वडील कधी वावगं बोलले नाहीत. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "ज्याला जमायचं नाही तो काय करायचा?" वडील म्हणाले, "मागच्या रांगेत उभा राहायचा." त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. मला मात्र ती मागची रांग बरेचदा आठवते. आकड्यांवर चालणाऱ्या व्यायामात शरीर आकड्यामागे धावतं, आकडा शरीरासाठी थांबत नाही.

आता ज्यांच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्यांच्याकडे येते. जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, गाव गुजरातेतलं डभोई. बडोद्याला जुम्मादादांच्या व्यायामशाळेत माणिकरावांकडे त्यांनी व्यायाम शिकला, आणि नंतर खानदेशात अमळनेरला शिक्षकी केली, म्हणजे आमच्याच पेशातले. नर्मदेकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजी हे त्यांचे योगातले गुरू. पुढे ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले जाऊ लागले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं.

या माणसाने काय केलं, तर योग्याच्या पोटाचा क्ष-किरणांनी फोटो काढला. उड्डियान आणि नौली करताना आत नेमकं काय होतं ते पाहिलं, नळी घालून दाब मोजला. नौलीत आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे आकड्यांनी दाखवून दिलं. वेगवेगळ्या आसनांत रक्तदाब किती होतो तेही १९२० च्या दशकात मोजून छापलं. त्या काळात योग म्हणजे एकतर चमत्कार नाहीतर थोतांड. मध्ये उभं राहून 'मोजून बघू' म्हणणारा माणूस विरळा. त्यांनी योगाची थोरवी सिद्ध केली म्हणून त्यांचं कौतुक होतं, ते योग्यच आहे. मला त्यांची दुसरी बाजू जास्त आवडते. जो मोजतो त्याला 'कुणी करू नये' हेही सांगावं लागतं. त्यांच्या आसनांवरच्या पुस्तकात शीर्षासनाच्या वर्णनाला जोडूनच इशारे आहेत. कान वाहत असेल, डोळ्यांच्या रक्तवाहिन्या नाजूक असतील, हृदय दुबळं असेल, रक्तदाबाची तक्रार असेल तर आपल्या मनाने करू नका. सुरुवात मिनिटाच्या एका छोट्या हिश्शापासून करायची आणि आठवड्या-आठवड्याने वाढवत न्यायची.

आणि त्यांची 'अर्ध' आसनं! अर्धशलभासन, अर्धहलासन. पूर्ण आसन जमत नाही त्याच्यासाठी आधीची पायरी. अर्धमत्स्येंद्रासनाची ती पायांची गुंतागुंत ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी साधं, पाय सरळ ठेवून करायचं वक्रासन त्यांनीच रूढ केलं. हे वाचताना मला क्रमिक पुस्तकं आठवली. पहिलीच्या मुलाच्या हातात आपण ज्ञानेश्वरी देत नाही. आधी अक्षरओळख, मग जोडाक्षरं. वडिलांच्या शाळेतल्या त्या मागच्या रांगेसाठी कुणीतरी वेगळा धडा लिहिला होता, एवढं मला यातून कळलं.

१९२७ साली निपाणीच्या दौऱ्यात गांधीजी आजारी पडले, रक्तदाब चढला. विश्रांतीला नंदी टेकड्यांवर गेले असताना त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार चालू होता. कुठलं आसन करू, कसं करू, असं ते विचारत आणि आपल्या प्रकृतीची माहिती कळवत. गांधीजी म्हणजे स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्यात कुणाला हार न जाणारे, तेही इथे विचारून करत होते. भाचीला हे सांगायचं राहून गेलं.

याच माधवदासजींचे आणखी एक शिष्य श्रीयोगेंद्र. त्यांनी १९१८ साली मुंबईजवळ वर्सोव्याला योग संस्था काढली, पुढे ती सांताक्रूझला गेली. संसारी माणसाला झेपेल असा योग हा त्यांचा रोख होता. त्यांच्या पत्नी सीतादेवींनी १९३४ साली खास स्त्रियांसाठी पुस्तक लिहिलं. त्या काळात स्त्रियांच्या शरीराचा वेगळा विचार कुणीतरी, तोही एका बाईने, लिहून ठेवला याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता बी. के. एस. अय्यंगार. पुणेकरांना त्यांच्याबद्दल मी काय सांगणार! तरीही एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अय्यंगारांचा जन्म १९१८ सालचा, कर्नाटकातल्या बेळ्ळूरचा, इन्फ्लुएन्झाच्या साथीतला. लहानपण हिवताप, विषमज्वर, क्षय यांत गेलं. १९३४ च्या सुमारास ते म्हैसूरला मेव्हण्यांकडे, म्हणजे टी. कृष्णम्माचार्यांकडे आले. कृष्णम्माचार्य राजवाड्याच्या आश्रयाने योगशाळा चालवत, मोठे विद्वान आणि तितकेच कडक. एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी या पोराला हनुमानासन करायला सांगितलं. एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही जमिनीला टेकलेले. पोराने ते आधी कधी केलेलं नव्हतं. सुटका व्हावी म्हणून त्याने सांगितलं की चड्डी घट्ट आहे, पाय फाकणार नाहीत. गुरूंनी कात्री मागवली आणि चड्डी दोन्ही बाजूंनी कापायला लावली. पोराने आसन केलं. मांडीच्या मागचे स्नायू फाटले आणि पुढे बराच काळ त्याला धड चालता येईना. ही हकिकत अय्यंगारांनी स्वतःच मोठेपणी सांगितलेली आहे.

१९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकवायला आले ते कायमचे पुणेकर झाले. मराठी येत नव्हती, इंग्रजी जेमतेम, समोरचे विद्यार्थी वयाने मोठे आणि कॉलेजात शिकलेले. स्वतःच्या अंगावर तासन् तास करून बघणं एवढाच मार्ग होता. त्यातूनच पुढे विटा, दोर, पट्टे, लोड, खुर्च्या, बाक असा सगळा संसार उभा राहिला. हात जमिनीला पोचत नाही? मग वीट ठेव. पाठ वाकत नाही? लोडावर टेक. आज जगभरच्या योगवर्गांत ठोकळे आणि पट्टे दिसतात त्यांची ही मूळ कथा. स्नायू फाटलेल्या मुलाने दुसऱ्यांसाठी वीट शोधून काढली, असं मला वाटतं. हा माझा तर्क, त्यांनी तसं म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

तर्क गोड आहे म्हणून पुढचं लपवणं बरं नाही. अय्यंगार स्वतःही शिकवताना फार कडक होते, ओरडत, चापट्याही मारत. त्यांचे देशी-परदेशी विद्यार्थी हे प्रेमाने सांगतात, पण सांगतात. जे सोसलं त्यातलं काही ते पुढे देत राहिले आणि काही त्यांनी आपल्याशी थांबवलं. शिक्षकाच्या जातीत हे फार दिसतं.

आणि इथे माझी कबुली.

१९८३ सालची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी एका शाळेत होते. व्यायामाचे सर रजेवर, आठ दिवसांवर तपासणी आणि मुलींची योगासनं दाखवायची ठरलेली. मी सुट्टीत दहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं, म्हणून काम माझ्याकडे आलं. आठवीच्या मुली. एकीचं पश्चिमोत्तानासन काही केल्या होईना. बाकी सगळ्यांची कपाळं गुडघ्यांना टेकत होती आणि हिची पाठ मधेच अडत होती. रांग वाकडी दिसत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "अजून थोडं. अजून थोडं." तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा ती ओरडली. मांडीच्या मागची शीर ताणली गेली होती. दोन-तीन आठवडे ती लंगडत शाळेत येत होती. तिची आई एकदा भेटायला आली. मी मनाची तयारी करून बसले होते. त्या माउलीने तक्रार केली नाही, फक्त एवढंच विचारलं, "बाई, तिला यातून वगळलं तर चालेल का?"

तपासणी छान झाली. शेरा उत्तम मिळाला.

ही गोष्ट मी अठ्ठावीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. माझ्या यजमानांनाही नाही. २०११ साली, निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, मी एका सभागृहातल्या सकाळच्या वर्गाला जाऊ लागले. चाळीस-पन्नास जण आणि एक तरुण शिक्षक, उत्साही, मनाने चांगला. सर्वांगासनात माझी पाठ सरळ होत नव्हती. त्याने मागून गुडघ्याचा आधार देऊन पाय वर ओढले आणि म्हणाला, "काकू, अजून थोडं." मानेत काहीतरी सरकल्यासारखं झालं. संध्याकाळी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या. एमआरआय झाला, मानेच्या मणक्यांतली गादी सरकून शिरेवर दाब आला होता. तीन महिने गळ्यात पट्टा, मग फिजिओथेरपी. वेणी घालायला सुनेला हाक मारावी लागायची.

त्या मुलाचा मला फार राग आला होता. पट्टा घालून खिडकीशी बसले असताना एके दिवशी ती आठवीतली मुलगी आठवली, आणि राग कुणावर धरावा हेच कळेना.

त्या तीन महिन्यांत मी वाचलं. शेजाऱ्यांकडून अय्यंगारांच्या १९६६ च्या इंग्रजी ग्रंथाचा मराठी अनुवाद 'योगदीपिका' आणला. त्यातलं सर्वांगासन पाहिलं तर अय्यंगार सपाट जमिनीवर आहेत, खांद्यांखाली काही नाही. पुढे १९७५ साली पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली. आज त्या पद्धतीत सर्वांगासन शिकवतात तेव्हा खांद्यांखाली घोंगड्यांच्या घड्या असतात आणि डोकं खाली जमिनीवर, म्हणजे मानेवर कोन पडत नाही. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी खुर्ची आहे. म्हणजे ज्याचा ग्रंथ जगाने प्रमाण मानला त्याने स्वतःच आपलं आसन बदललं. १९७९ साली लागोपाठ दोन स्कूटर अपघातांत त्यांचे खांदे, पाठ, गुडघे दुखावले, तेव्हा साठीच्या या माणसाने नवशिक्यासारखी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. २०१४ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले. मला त्यांच्या फोटोंपेक्षा ती घोंगडीची घडी जास्त महत्त्वाची वाटते. ती माझ्या मानेखाली असती तर, असो.

डॉक्टरांनीही हे लिहून ठेवलं आहे. १९७१ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात एका धडधाकट विद्यार्थ्याची नोंद आली. तो तासन् तास वज्रासनात बसायचा, पायाची शीर दबून त्याचं पाऊल लुळं पडलं. आपलं वज्रासन, जेवणानंतर करा म्हणतात ते! पाच-दहा मिनिटांनी काही होत नाही, पण पाय बधिर झाल्यावरही जिद्दीने बसू नये हे आपल्याला कुणी सांगितलं? १९७२ साली रिची रसेल नावाच्या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञाने मान टोकाला वाकवणाऱ्या आसनांनी मानेतल्या, मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला इजा होऊ शकते असा इशारा दिला. २०१२ साली विल्यम ब्रॉड या अमेरिकन पत्रकाराने या सगळ्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा तिकडे मोठी खळबळ झाली. आपल्याकडे काहींना तो योगावरचा हल्ला वाटला. मला वाटलं, हठप्रदीपिकेतल्या त्या दुखण्यांच्या यादीत चार ओळींची भर पडली.

२०१५ पासून २१ जूनला योगदिन होतो. त्या पहिल्या वर्षी दिल्लीत राजपथावर ३५,९८५ माणसं एकत्र बसली होती. एवढ्यांच्या पाठीवर कोण हात ठेवणार, आणि कोण काढणार? सरकारने त्यासाठी काढलेल्या पुस्तिकेत सुरुवातीला सांधे मोकळे करण्याच्या हालचाली आहेत आणि आसनागणिक सावधगिरीची सूचना आहे, हे पाहून बरं वाटलं. वाचतात किती जण, ते वेगळं.

गेल्या शनिवारी भाची मुक्कामाला आली. मान बरीच मोकळी झाली आहे, डॉक्टरांनी हलका व्यायाम करायला सांगितला आहे. सकाळी दोघींनी सतरंजी टाकली. मी तिला वक्रासन दाखवलं. पाय सरळ, एक गुडघा वर, सावकाश वळायचं, श्वास अडला की तिथेच थांबायचं. ती म्हणाली, "मावशी, हे तर अगदीच सोपं आहे."

"म्हणूनच तर काढलंय."

"आणि शीर्षासन?"

"डॉक्टर हो म्हणाले तर एखाद्या जाणत्या माणसासमोर कर. मी नाही करत आता."

मग मी पाय पसरून पुढे वाकले. माझे हात घोट्यांपर्यंत पोचतात, पुढे नाही. त्या आठवीतल्या मुलीची गोष्ट मी तिला आदल्या रात्रीच सांगितली होती. तिने गमतीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अजून थोडं?"

मी म्हटलं, "हात काढ आधी." तिने काढला, आणि चहा टाकायला उठली.